आत्यांचं काय चुकलं होतं?

मॅक्रोबायोटिक आहाराचे वर्ग मी घेत असे, हे आता मी नव्या ओळखीच्या माणसाला आपणहून सांगत नाही. एके काळी पुण्यात कोथरूड-एरंडवण्यातल्या बऱ्याच फ्रिजवर माझं छापील पान चुंबकाने अडकवलेलं असायचं. निम्मं ताट अख्ख्या धान्याचं, पाव ते तिसरा हिस्सा भाज्या, थोडी कडधान्यं, चिमूटभर समुद्री शेवाळ, वाटीभर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप. साखर, दूध, मैदा बंद. टोमॅटो, बटाटा, वांगं बंद. घास किमान पन्नास वेळा चावायचा. आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ: प्रत्येक आजार ताटात सुरू होतो आणि ताटातच संपतो.

ती ओळ कुठल्या जपानी गुरूची नव्हे, माझीच होती. वर्गातल्या बायकांना ती फार आवडायची. काहींनी ती व्हॉट्सॲपवर सकाळच्या फुलांच्या फोटोखाली फिरवली.

ते जेवण मी सोडलेलं नाही. हातसडीचा तांदूळ, नाचणी, पालेभाज्या, लवकर जेवणं, सावकाश जेवणं, सगळं आमच्या घरात आजही चालू आहे. सोडली ती ओळ. पण अन्न सोडणं सोपं गेलं असतं, कारण अन्न बदलता येतं. ती ओळ गेली तेव्हा तिच्याबरोबर माझा थोडा रुबाबही गेला.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बॉस्टनच्या एका उपनगरात राहत होतो. धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर माझं पोट ठिकाणावर नव्हतं, झोप नव्हती, चिडचिड मात्र भरपूर. तपासण्या दर खेपेला स्वच्छ यायच्या आणि मी तशीच. शेजारणीने एका बाईंच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे चुलीवर ब्राऊन राइसचा कुकर होता आणि टेबलाशी बसून त्या बाईंनी मला तासभर प्रश्न विचारले. केव्हा झोपता, हात-पाय गार पडतात का, रडू कधी येतं, लहानपणी घरी काय शिजायचं. माझ्या माहेरी काय शिजायचं हे तोवर एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्यांची झाले.

बॉस्टन ही मॅक्रोबायोटिक चळवळीची अमेरिकेतली राजधानीच. मिचियो कुशी १९४९ साली जपानहून अमेरिकेत आले, पुढे पत्नी अॅव्हेलिनसह बॉस्टनला स्थिरावले. १९६६ साली त्यांनी एरेव्हॉन नावाचं छोटं दुकान काढलं. मिसो, तामारी हा सोया सॉस, ब्राऊन राइस हे जिन्नस अमेरिकन किराण्यात शिरले त्यात त्या दुकानाचा मोठा वाटा. १९७८ साली कुशी इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती पुढे बर्कशायरच्या डोंगरांत, बेकेट नावाच्या गावी गेली. मी तिथेही जाऊन राहून आले. काही महिन्यांत माझं पोट सुधारलं, झोप लागू लागली. आता मागे वळून पाहते तर त्यात गूढ काही दिसत नाही. कोल्ड्रिंक, कुकीज, चीज बंद झालं, रात्रीचं जेवण सहाला आलं, रोज चालणं सुरू झालं आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी माझी विचारपूस करू लागलं. पण तेव्हा मला वाटलं, हा यिन आणि यांग या दोन विरुद्ध शक्तींचा तोल सापडल्याचा परिणाम.

या विचाराचा उगम मला आजही मोहवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जपानमध्ये बेरीबेरीने माणसं मरत होती. पाय सुजायचे, लुळे पडायचे, शेवटी हृदय थकायचं. आरमाराचे डॉक्टर ताकाकी यांनी १८८०च्या दशकात खलाशांच्या पांढऱ्या भाताच्या शिध्यात बार्ली आणि इतर पदार्थ आणले आणि आरमारातली बेरीबेरी जवळजवळ नाहीशी झाली. लष्कराच्या वरिष्ठ डॉक्टरांना ते पटलं नाही. १९०४-०५च्या रशियाशी झालेल्या युद्धात हजारो जपानी सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, बेरीबेरीने गेले. तिकडे जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्या पॉलिश केलेल्या तांदळावर लुळ्या पडत होत्या आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की उभ्या राहत होत्या. कारण होतं कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व. लष्करातच डॉक्टर असलेले सागेन इशिझुका याच काळातले. अख्खं धान्य, आपल्या मातीतलं अन्न, सोडियम-पोटॅशियमचा तोल, अशी त्यांची मांडणी. १९०७ साली त्यांच्या विचारांची एक संस्थाही उभी राहिली.

म्हणजे ब्राऊन राइसने माणूस बरा होतो ही भाबडी समजूत नव्हे. तो बरा झालेला आहे, एका आजारातून, एका जीवनसत्त्वामुळे. त्या एका खऱ्या गोष्टीवर पुढे सगळ्या आजारांची व्यवस्था लावली गेली. मॅक्रोबायोटिक पंथाचे प्रवर्तक, क्योटोत १८९३ साली जन्मलेल्या जॉर्ज ओसावांना तरुणपणी क्षय झाला होता. या आहाराने आपण बरे झालो अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या जागी यिन आणि यांग बसवले आणि मग काहीच बाहेर उरलं नाही. साखर यिन, मीठ यांग, आंबा यिन, अंडं यांग, राग यांग, रडू यिन. डोळ्याच्या बुबुळाखाली पांढरा भाग दिसला तर तो माणूस संकटात. पुण्याला परतून सुरू केलेल्या माझ्या वर्गात नवीन बाई आली की मी बोलता बोलता तिच्या बुबुळाखाली बघायचे. हे लिहितानाही कानशिलं गरम होतात.

मे महिना आमच्या घरात सुतकासारखा जायचा. आंबा उष्ण कटिबंधातला, म्हणून वर्ज्य! मूळ सूत्र असं की शरीर आणि माती वेगळी नाहीत, आपल्या हवामानात पिकतं ते खावं. त्या सूत्राने चाललं तर पुण्याच्या माणसाने रायवळ चोखायलाच हवा. पण माझी यादी बॉस्टनच्या थंडीत तयार झालेली होती. मी मातीशी नातं सांगत मुंबईच्या दुकानातून उमेबोशी, म्हणजे खारवलेली आंबट जपानी फळं मागवायचे, आणि दारात कोकम, आवळा वाळत असायचा. गोमासियोची, म्हणजे तीळ-मिठाची बरणी मी मोठ्या कौतुकाने दाखवायचे, सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "तीळकूटच की गं, मिरची विसरलीस." धाकटी मुलगी मैत्रिणीच्या घरी जाऊन आमरस ओरपून यायची, हे मला तिच्या लग्नानंतर कळलं.

सगळं इतकं निरुपद्रवी नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. ओसावांच्या दहा आहारांपैकी क्रमांक सातचा म्हणजे केवळ धान्य, आणि पाणीही कमीत कमी. १९६५ साली न्यू जर्सीत एक तरुणी तशा आहारावर मरण पावली, चौकशी झाली. १९७१ साली अमेरिकन वैद्यक संघटनेने या आहाराविरुद्ध इशारा दिला. वर्गात कुणी हा विषय काढला की माझं उत्तर तयार असे: तो जुना, कडक प्रकार, कुशींनी तो केव्हाच सौम्य केला. हे खरंही आहे. अॅव्हेलिन कुशी २००१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या, मिचियो २०१४ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने. तेव्हाही वर्गातल्या एका मुलीने विचारलं. मी म्हणाले, त्यांना सिगारेटची सवय होती. म्हणजे बरा झाला तर आहाराने, आजारी पडला तर त्याच्या हातून काहीतरी निसटलं म्हणून. या हिशेबात आहार कधी तोट्यात जातच नाही. तेव्हा मला हा त्या शास्त्राचा भक्कमपणा वाटायचा.

मग आत्या आल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. मंगळवेढ्याजवळ वाडीवर राहतात. छातीत गाठ लागली, सोलापूरला तपासलं, कर्करोग निघाला आणि पुढचे उपचार पुण्यात करायचे ठरले. मुक्काम अर्थात आमच्याकडे. मला वाटलं, आता माझ्या विद्येचा उपयोग घरच्या माणसाला होईल. पहिल्याच संध्याकाळी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले.

सकाळी काय खाता? भाकरी. कशाची? "ज्वारीची, आनि कशाची?" मंगळवेढ्याची मालदांडी, त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी त्यांना सांगितलं तर त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं. दुपारी? भाकरी, करडईची भाजी, नाहीतर तांदुळजा, पातरी, शेतात जे उगवलं असेल ते. कडधान्य? मटकी, तूर, थंडीत हुलग्याचं माडगं. तेल घाण्याचं करडईचं. भात सणाला. गहू पाहुणे आले तर. जेवण दिवेलागणीला, झोप नऊच्या आत, उठणं पहाटे, दिवसभर रानात. माळकरी असल्यामुळे मांस-मच्छी, अंडं यांचा प्रश्नच नाही. दूध? म्हशीचं, पण ते डेअरीला जायचं. घरात राहायचं ते ताक.

मी लिहीत होते आणि आतून अस्वस्थ होत होते. एरंडवण्यातल्या बायकांनी हजारो रुपये भरून जे ताट शिकून घेतलं होतं, त्याहून चोख ताट ही बाई साठ-पासष्ट वर्षं जेवत आली होती. शिवाय गरिबीमुळे कधी पोटभरही नाही. मी घास किती वेळा चावता हेसुद्धा विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दात हैत तवर चावायचं. मोजतंय कोन?"

तेव्हा थांबायला हवं होतं. पण पानाच्या तळाशी ती ओळ होती ना. मी शोधत राहिले आणि शेवटी सापडलं: चहा. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन चमचे साखर. माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना साखर आणि गाठ यांचं नातं समजावून सांगितलं, चांगलं सविस्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "म्हंजी माझ्याच हातनं झालं म्हना की ह्ये."

रागावून नाही म्हणाल्या. पटल्यासारखं म्हणाल्या. नवरा लवकर गेला, जमिनीवरचं कर्ज फेडलं, दोन मुली उजवल्या, त्या बाईला इतक्या वर्षांत कुणी हे म्हटलं नव्हतं की तुझं दुखणं तूच ओढवून घेतलंस. ते मी म्हटलं, गोड आवाजात, वहीत नोंद करून. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा कोरा चहा घेतला. दुपारी शेजारच्या काकू भेटायला आल्या तेव्हा आतल्या खोलीतून मला ऐकू आलं: "चा नडला बगा मला."

वर्गात हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून, किती वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं असेल. आइस्क्रीम नडलं, पनीर नडलं, हॉस्टेलवरचं मॅगी नडलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हिला कारण सापडलं, आता ही मार्गाला लागेल. कारण सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडा आराम दिसतो, हे खरं आहे. अंधारात बसण्यापेक्षा दोष पत्करणं बऱ्याच जणांना सोपं जातं. पण शेजारच्या काकूंना तो चहा सांगितला गेला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मी आजारपणावर आणखी एक आजार देत होते.

केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर आत्यांच्या तोंडात फोड आले. थुंकी गिळवेना. माझा ब्राऊन राइस, तीळ, कच्ची मुळ्याची कोशिंबीर सगळं बाजूला पडलं; पन्नास वेळा चावायचं राहो, जीभ हलवणं कठीण होतं. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ मुलीने एक कागद दिला होता: मऊ, सौम्य, भरपूर प्रथिनांचं. अंडी, दूध, पनीर, दही, डाळीचं पाणी. अंडी त्यांना चालत नव्हती. उरलं दूध, जे माझ्या शास्त्रात गाठीचं खाद्य. मी तो कागद दोन दिवस ओट्यावर तसाच ठेवला. मग आत्यांनीच विचारलं, "कन्या करशील का गं?"

कण्या म्हणजे ज्वारी जाडसर भरडून, पाखडून, धुऊन शिजवायची. पाणी भरपूर लागतं आणि ढवळत उभं राहावं लागतं, नाहीतर तळाला लागतात. रटरटून रटरटून दाणा फुलला, फेस ओसरला आणि पळीवरून सरसर पडू लागलं की झालं. त्या एरवी ताकात खायच्या, पण फोडांना ताक झोंबलं असतं. मी म्हशीचं दूध घातलं, गार होऊ दिलं आणि चमचाभर साखर घातली. साखर मी घातली, हे मुद्दाम लिहिते. आत्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही चालती आता?" मी म्हटलं, "चालते." त्यांनी अर्धी वाटी संपवली. भाकरीचीही शरीर शेवटी साखरच करतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. ते आठवायला इतकी वर्षं लागली.

त्या दिवसांत रात्री मी एक जुनं पुस्तक पुन्हा काढलं. अँथनी सॅटिलारो हे फिलाडेल्फियातल्या एका हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर. १९७८ साली त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. वडिलांच्या अंत्यविधीहून परतताना त्यांनी रस्त्यात दोन तरुणांना गाडीत घेतलं. ते दोघे नेमके मॅक्रोबायोटिक स्वयंपाक शिकून आलेले. कर्करोगाने मरायलाच हवं असं नाही, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आहार घेतला, सुधारले, १९८२ साली पुस्तक लिहिलं, मासिकांत फोटो आले. या गोष्टीने पुष्कळ लोकांना या वाटेवर आणलं, त्यात मीही. वर्गात मी त्या पुस्तकातल्या पानांची झेरॉक्स वाटायचे. सुरुवात गाडीतल्या दोन पोरांपासून.

त्याआधीच्या पानांत लिहिलेलं आहे की त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, वृषणं काढली होती, इस्ट्रोजेनही चालू केलं होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक थांबवलं की आजार वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. ती त्या काळची रूढ उपचारपद्धतीच होती. डॉक्टर १९८९ साली त्याच आजाराने गेले. ती पानं मी झेरॉक्समधून मुद्दाम गाळली नव्हती. ती मला महत्त्वाची वाटलीच नव्हती, आणि हे मुद्दाम गाळण्यापेक्षा वाईट आहे असं माझं मत झालंय.

हीच गोष्ट आपल्याकडे नोव्हेंबर २०२४मध्ये नव्याने घडली. एका प्रसिद्ध माजी क्रिकेटपटूने सांगितलं की पत्नीचा कर्करोग साखर-दूध तोडून, हळद-कडुलिंब घेऊन बरा झाला. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढलं की या दाव्याला भक्कम पुरावा नाही, कुणीही उपचार लांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमो झालेली होतीच. तरी श्रेय कडुलिंबाला. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली छापलेल्या अभ्यासात, बऱ्या होण्याजोग्या कर्करोगात नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. माझ्या वर्गातलं कुणी असं गेलं का? माझ्या माहितीत नाही. पण जे वर्ग सोडून गेले त्यांचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

माझ्या स्वतःच्या शरीराचा पुरावा आत्यांच्या उपचारांच्याच सुमारास आला, तो थोडक्यात सांगते कारण तो पुण्यात घरोघरी आहे. तळपायांना मुंग्या, शब्द आठवेनात, बी-१२ तळाला. मी म्हणायचे नोरी, स्पिरुलिना या शेवाळांत बी-१२ मिळतं. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात मॅक्रोबायोटिक घरांतल्या बाळांवर संशोधन झालं, त्यात खुंटलेली वाढ, मुडदूस, बी-१२ची कमतरता आढळली. शेवाळातलं बी-१२ माणसाच्या उपयोगी पडत नाही हेही तिथेच दिसलं. आणि इकडे आमच्याच गावात, केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास करत होते. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. आत्यांसारख्याच भाकरी-भाजी खाणाऱ्या बायका त्या. माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर हे चाललेलं होतं आणि मी शेवाळाची पाकिटं परदेशातून मागवत होते. काही तरुण आयांना मी बाळाचं गाई-म्हशीचं दूध थांबवायला सांगितलं होतं. त्यांना शोधून फोन केले. एकीने हसत सांगितलं, "मॅडम, सासूबाई तुमच्या नकळत, माझ्याही नकळत पाजत होत्या." त्या सासूबाईंना मी मनोमन नमस्कार केला. सगळ्याच घरांत अशा सासूबाई नसणार.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही आता पलीकडच्या गोटात गेलात. नाही. आहाराने काही होत नाही असं मी म्हणत नाही. २०१४ साली छापलेल्या इटलीतल्या एका छोट्या चाचणीत, मधुमेहाच्या रुग्णांना तीन आठवडे मॅक्रोबायोटिक जेवण दिलं तर जेवणाआधीची आणि नंतरची साखर नेहमीच्या मधुमेही आहारापेक्षा जास्त उतरली. अख्खं धान्य, कडधान्य, भाज्या यांनी तसं होणं साहजिक आहे, त्याला यिन-यांग लागत नाही. आणि डॉक्टर रुग्णाला देतात त्या तीन मिनिटांविरुद्ध माझी तक्रार आजही कायम आहे. बॉस्टनच्या त्या बाईंनी मला दिलेला तास खरा होता. महाराष्ट्रात दर काही वर्षांनी नवा आहारपंथ येतो, कुणी दिवसातून दोनदाच जेवा म्हणतं, कुणी दर दोन तासांनी, आणि दोन्हीकडे सभागृहं भरतात, ती लोकांना अक्कल नाही म्हणून नव्हे. तिथे कुणीतरी तुमच्या रोजच्या ताटाबद्दल तुमच्याशी मन लावून बोलत असतं. ते दवाखान्यात झालं असतं तर माझ्या वर्गात निम्म्या बायका आल्याच नसत्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पंथात बोलली जात नाही म्हणून मध्येच लिहून टाकते. समग्र आरोग्य ज्या स्वयंपाकघरात शिजतं तिथे एक बाई सहा तास उभी असते. माझ्या वर्गात पुरुष यायचे ते भाषणाला. तांदूळ भिजवणं, शेवाळ धुणं, तीळ भाजून खलणं बायकांकडे. घरात कुणी आजारी पडलं की दोषही तिच्या ताटाला.

वर्ग मी बंद केले नाहीत, बदलले. आता धान्य-कडधान्याचा स्वयंपाक शिकवते, नोरी-उमेबोशी नाही; हिजिकी हे शेवाळ तर मुळीच नाही, त्यात आर्सेनिक असतं म्हणून ब्रिटनच्या अन्नखात्याने ते खाऊच नका असं कधीचं सांगून ठेवलंय. छापील पानावरची तळाची ओळ काढली. जुन्या काही शिष्यांना ते रुचलं नाही. एकजण म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमचा आधारच काढून घेतला." तिला स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला आहे, उपचार पूर्ण झालेत, आणि आहार पाळल्यामुळे तो परत येणार नाही अशी तिची खात्री. तिच्याशी वाद घालावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला तपासणीच्या तारखा चुकवू नकोस एवढं सांगते, आणि ती चुकवत नाही.

आत्यांचे उपचार पुरे झाले, त्या वाडीवर परतल्या. गोळी रोज, तपासणी ठरल्या वेळी, चहा पूर्वीसारखा. डॉक्टर अजून बऱ्या झाल्या असं म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. आत्या मात्र म्हणतात. गेल्या कार्तिकीच्या सुमाराला फोन केला तेव्हा कळलं, पंचक्रोशीत बातमी झालीय की पुण्याच्या सुनेने कण्या खाऊ घालून कॅन्सर घालवला.

"आत्या, असं सांगू नका हो लोकांना. ऑपरेशन झालं, केमो झालं, त्यांनी झालं."

"त्ये झालंच की. पर त्ये सगळ्यांचंच हुतंय. कन्या तूच दिल्या न्हवं?"

पुढच्याच आठवड्यात मंगळवेढ्याकडून दोन फोन आले. दोघींनाही गाठ होती, दोघींना कण्यांची कृती हवी होती. मी आधी विचारलं, सोलापूरला दाखवलं का. एकीने दाखवलं होतं. तिला कृती सांगितली, दुधाचं प्रमाण सांगितलं, तोंड आलं तर काय करायचं ते सांगितलं. दुसरी म्हणाली, आधी तुमचं करून बघू म्हटलं. मी तिला म्हटलं, मी कृती देणार नाही, आधी डॉक्टरांकडे जाऊन या, मग पाहिजे तर भरडलेली ज्वारी मी पुण्याहून पाठवते. तिने फोन ठेवला. तिचा नंबर आत्यांकडून घेतलाय. उद्या पुन्हा लावणार आहे.